पिंपरीतलं माळवद

म्या गाव सोडलं ते दोनदा. पयल्या दिवशी निम्मा गाव फाट्यावर आला व्हता. आईनं गळा काढला, चुलतीनं काढला, मग जिचा माझा काय संबंध न्हाई त्या कुंभाराच्या म्हातारीनं बी काढला. आन गाडीच आली न्हाई. दिस मावळाय लागला तशी वळकटी डोस्क्यावर घिऊन समदी वरात परत घरी. आई म्हनली, "एवढं रडले ते वायाच गेलं म्हन की," आन पुन्हा भाकरी थापाय बसली.

दुसऱ्या दिवशी कोन बी आलं न्हाई. एका मानसासाठी दोनदा कोन रडनार?

सखू तेवढी आली. माझी बायकू. आदल्या दिवशी बायांच्या घोळक्यात पदर वढून हुबी व्हती, नाकाचा शेंडा बी दिसला न्हाई. आज शेन गोळा करायची पाटी घिऊन आली. फाट्यावर शेन कुठलं आलंय? म्हनली, "मला लवकर न्या." म्या म्हनलं, "व्हय." लगीन होऊन वरीस झालं व्हतं, पर दिवसाउजेडी दोघांत झालेलं ते पयलंच बोलनं. तेवढ्यात गाडी आली.

आता लवकर न्यायाचं म्हंजी मधी सासरा व्हता. माझ्या मागं सखू माहेरी ऱ्हानार व्हती, आन मामांनी चारचौघांत बजावलं व्हतं, "जावईबापू, सवताचं छप्पर झालं की कळवा. म्या सवता आनून सोडतो. माझी लेक दुसऱ्याच्या वळचनीला ऱ्हायाची न्हाई."

तवा पिंपरी म्हंजी नदीकाठचं गाव, भवती ज्वारीची रानं, आन एका अंगाला कंपन्या नुकत्याच हुब्या ऱ्हात व्हत्या. मला एका औषधाच्या कंपनीत बाटल्या धुवायचं काम लागलं. आमच्या मानदेशी मानसाला पानी सांडायचं काम! घरी हात धुतलेलं पानी भोपळ्याच्या येलाला जायाचं. हितं एका शिफ्टमधी माझ्या हातातनं गटारात जायाचं, तेवढ्यात आमच्या वाडीचा उन्हाळा निघाला आसता. पयलं आठ-धा दिस म्या ते पानी गपचूप बादलीत धरून ठिवायचो. मुकादमानं इचारलं, "कुनासाठी ठिवलंस रं हे?" म्या बादली वतून दिली.

कंपनीच्या आत ऊन बी सारखं, थंडी बी सारखी. भोंगा झाला की भाईर यायाचं आन वर बघायचं, आज काय हाय. गावाकडं आभाळ बघायला काय तरी कारन लागतं. हितं बिनकामाचंच बघायचो. दुसरं वळखीचं व्हतं कोन?

अक्षर मला येत न्हाई. आता बी नात लिवून घेतीय. तवा सायकलच्या दुकानातला अमीनभाई पत्र लिवून द्यायाचा. तिकडं ते मास्तर वाचनार, मामा ऐकनार, भवतीनं शेजारी बसनार. मग बायकूला लिवायचं काय? म्या सांगायचो, "हिकडं ऊन लई हाय. तिकडं बी आसंल." अमीनभाई टाक धरून वाट बघायचा.

"आगे?"

"वारं सुटलंय म्हना."

"अरे राव, बीबीला लिवतो का आकाशवाणीला?"

तिकडनं सखूचं उत्तर यायाचं, "हिकडं आज ढग आलं व्हतं. गेलं." ते म्या अमीनभाईकडनं तीनदा वाचून घ्यायचो. गेलं म्हंजी कसं गेलं, ह्याचाच चार दिस इचार करायचो.

तुकानाना म्हनून पिंपरीतलं जुनं शेतकरी व्हतं. त्यांच्या गोठ्यामागं त्यांनी मला घरापुरती जागा दिली. दोन उन्हाळं सुट्टीच्या दिवशी दगड वाहिलं, माती मळली, भिती उचलल्या. आन वर घातलं माळवद, आमच्या गावासारखं. आडव्या तुळ्या, त्यावर काटक्या, त्यावर निंबाचा पाला, आन वरनं पांढरी माती चोपून सपाट. वर झोपावं, धान वाळवावं, आसं.

नाना बघून म्हनलं, "लेका, हितं उतार लागतो. सपाट छप्पर म्हंजी वर तळं बांधलंस तू."

म्या छाती काढून म्हनलं, "नाना, आमच्याकडं शंभर-शंभर वर्साची माळवदं हायती!"

"आसतील की. पर शंभर वर्सांत पाऊस किती पडला रं त्येच्यावर?"

म्या हसलो. नाना मावळाकडचं मानूस, म्हनलं ह्यांना काय कळतं मातीतलं. दुसऱ्या दिवशी अमीनभाईला सांगितलं, "लिवा. छप्पर झालं." उत्तर आलं, पेरनी उरकली की मामा सखूला घिऊन येतात. त्या दिवशी म्या कंपनीत चार बाटल्या फोडल्या.

मृगात माळवद टिकलं. म्या नानाकडं बघत गावभर मिशीला पीळ देत हिंडलो. मग आखाडाची झड लागली. आमच्या गावाला पाऊस येतो तो पाव्हन्यासारखा, उभ्या उभ्या च्या पिऊन जातो. हितला घरजावई. आठ दिस हालंना. माळवद प्यायलं, फुगलं, आन त्यावर हिरवंगार गवत उगवलं. भितीला लागून नानाचा उकिरडा, त्यावरनं नानाची शेळी वर चढली चराय. म्या आत तुळीखाली थाळ्या मांडत बसलेलो, तर वरनं शेळीचा एक पाय आत आला. लोंबकाळतोय. म्या तिला हुसकाय वर गेलो. शेळीचं वजन माळवदानं सोसलं व्हतं, माझं न्हाई सोसलं. म्या, शेळी आन दोन उन्हाळ्यांची माती, समदी एकदम खाली आलो. शेळीला काय झालं न्हाई. ती माझ्या पोटावर पडली.

त्याच दुपारी मामा आलं. पाठीमागं घोंगड्याची खोळ घिऊन सखू. म्या चिखलानं एवढा भरलेलो की मामांनी मलाच इचारलं, "जावईबापू हायती का घरात?"

मग वळखलं. दारातनं आत आलं, वर बघितलं. आभाळ दिसत व्हतं. म्हनलं, "हवेशीर हाय." आन लेकीकडं वळून, "चल."

म्या म्हनलं, "मामा, चार दिस द्या, वर टाकाय लोखंडी पत्रं आनतो." मामा काय वाईट मानूस न्हवं. म्हनलं, "च्या प्यायचा तर चूल कोरडी न्हाई तुमची. कुठं बसवू हिला?" सखू त्या मोकळ्या घरात मधोमध हुबी. तोंडावर पाऊस पडतोय, आन ती पदर बी वढंना. तिनं एवढं पानी जल्मात बघितलं न्हवतं. बापाम्होरं नवऱ्याशी बोलायची रीत न्हवती, म्हनून शेळीकडं बघून म्हनली, "म्या ऱ्हायले आसते." मामांनी ऐकलं न ऐकल्यागत केलं आन चालाय लागलं. ठेसनाकडं जाताना खोळीतली ती लांबपर्यंत दिसत व्हती. म्या शेळी धरून हुबा.

त्या पावसाळ्यात म्या पत्र धाडलंच न्हाई. अमीनभाई दुकानातनं हाक मारायचा, म्या दुसऱ्या वाटनं जायाचो. दिवाळी झाल्यावर नानांनी सवताच्या हातानं वासं धरलं, चांगला घसरगुंडीवानी उतार काढला, वर कौलं. मुकाट्यानं एकेक कौल वर पोचवायचो म्या, मिशीला हात न लावता. अमीनभाईकडनं पत्रानं कळवलं, आन मार्गशीर्षात मामा सखूला सोडून गेलं. जाताना कौलं तेवढी मोजल्यागत बघितली.

आता कसं भरल्या घरात बसल्यागत वाटावं का न्हाई? पर पयल्याच दिवशी सखूनं ज्वारी निवडली, वाळवायला उचलली, आन दारात हुबी ऱ्हाऊन वर बघाय लागली. गावाकडं साऱ्या गल्लीची माळवदं एकाला एक लागलेली. बाया ह्या घरावरनं त्या घरावर जायाच्या, वरच बोलायच्या, भांडायच्या, पोरांना निजवायच्या. हितं कौलावर कावळा बी घसरायचा. म्हनली, "हितं वर काय न्हाईच व्हय?" आन ज्वारी मांडीवर घिऊन रडाय लागली. म्या समजूत घालाय गेलो, तर मीच रडाय लागलो. दोन वर्सं एकल्यानं दाबून ठिवल्यालं. तिचं रडू थांबलं तरी माझं थांबंना, शेवटी तिनंच मला पानी दिलं.

त्या दिवसापासनं ते घर झालं म्हना. सांजचं चुलीपाशी बसून आमी गावातली माळवदं एक एक करून चालत जायाचो. कुठं गिलावा फुटलाय, कुनाची सून वर बसून रुसलीय. चुकलो तर ती हसायची, "तुमी परत पडनार."

तुमी गावी ऱ्हायल्याली मानसं मला म्हनता, "तुमचं बरं झालं." तुमी हिकडं आल्याली मानसं बी म्हनता, "बरं झालं." व्हय, झालं की बरं. लेक मोठ्या हुद्द्यावर, चौथ्या मजल्यावर घर, पाऊस आत येत न्हाई. सखूला जाऊन चार वर्सं झाली. परवा सहज लेकाला म्हनलं, "आपल्या गावात कुंभाराच्या घरावरनं कुनाच्या घरावर जायाचं रं?"

त्यो म्हनला, "आबा, आपलं गाव म्हंजी पिंपरीच की."

खरंच हाय त्याचं. जलमला हितं, वाढला हितं. त्याच्या गावात म्या पाव्हना, आन पाव्हन्यानं लई बोलू न्हाई.