वेणी घालायला

मी मूळची नगरकडची. आमच्या घरात चार पिढ्या येशूचं नाव आहे, त्यामुळे विश्वास मला आयताच मिळाला. नोकरीसाठी चेन्नईला आले आणि पेरुंगुडीत राहू लागले. रविवारी इंग्रजी उपासनेला जायचं, मागच्या बाकावर बसायचं, गाणी म्हणायची आणि घरी येऊन पडदे ओढून झोपायचं. दुपारी समुद्राकडून वारा सुटे, पडदे फुगत, आणि मला वाटे, देवानं मला किती अलगद ठेवलंय.

आमच्या चर्चमध्ये एक निवृत्त नर्स यायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. एकदा उपासनेनंतर त्या म्हणाल्या, "तांबरमच्या वृद्धाश्रमात एक आजी आहेत. जन्मभर तमिळ शिकवलं. पक्षाघाताचा झटका आला आणि तमिळ पुसूनच गेलं. आता फक्त घरची भाषा बोलतात. तंजावरकडची माणसं ती. त्यांचा भाचा म्हणतो, मराठी आहे, पण त्याला येत नाही. तू येतेस का?"

मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मी मागच्या दारानं निघून गेले.

खरं कारण वेगळंच होतं. वडील दवाखान्यात होते तेव्हा मी नऊ दिवस व्हरांड्यात बसून काढले. आत जायचं धाडस झालं नाही. नळ्या, वास, त्यांचा सुकलेला हात. ते गेले, आणि तेव्हापासून फिनेलचा वास आला तरी मी वाट बदलते.

चौथ्या रविवारी अक्कांनी विचारलंच नाही. "जेवलीस का?" एवढंच म्हणाल्या. ते मात्र मला लागलं. त्या दिवशी पाळकांनी गालीलच्या कोळ्यांवर संदेश दिला होता. येशूनं हाक मारली आणि ते जाळी टाकून त्याच्यामागे निघाले, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पहिल्यांदाच वाटलं, किनारा सोडताना त्यांनाही भीती वाटली असेल.

मी अक्कांना गाठलं. "आज जायचं का?"

त्यांनी नुसती पर्स उचलली.

बसमध्ये मला अर्धवट गुंगी आली. खिडकीबाहेर काचेच्या इमारती, मग दलदल, पाण्यात स्थिर उभे बगळे, सगळं पाण्याखालून बघावं तसं सरकत होतं. आश्रमाच्या फाटकाशी फिनेलचा वास आलाच. मी थांबले. अक्का थांबल्या नाहीत. मग मीही चालू लागले.

लांबट खोलीत दहा खाटा होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर आजी बसल्या होत्या. केसांचा नुसता गुंता झालेला. बाजूला काळजी घेणारी बाई कात्री घेऊन उभी होती.

"विंचरू देत नाही, कापूही देत नाही," ती अक्कांना तमिळमध्ये सांगत होती, अक्का मला समजावत होत्या. "दिवसभर वेणुम, वेणुम करते. काय हवंय विचारलं, की परत तेच."

तमिळमध्ये वेणुम म्हणजे हवंय, एवढं मला कळत होतं. मी वाकले. आजींचे ओठ हलले. "वेणी," त्या म्हणाल्या. "वेणी घाल की गे."

माझ्या अंगावर काटा आला. त्या काही मागत होत्या हे खरं, पण बाईला ऐकू येत होता तो शब्दच वेगळा होता.

"घालते, आजी," मी मराठीत म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आमच्यातली का गे तू?"

आता काय सांगणार? मी त्यांच्या जातीची नव्हते, गावची नव्हते, देवही वेगळा. "हो," मी म्हटलं.

खोबरेल तेल मागवलं. केसांना हात लावला. त्यांच्या डोक्याला घाम आणि औषधांचा वास होता. मी एकेक बट सोडवत गेले. त्या डोळे मिटून बोलत होत्या, कुणा धाकट्या बहिणीशी, विहिरीबद्दल, वाळत घातलेल्या लुगड्यांबद्दल. जुन्या वळणाचे ते शब्द निम्मेच समजले, तरी आमच्या स्वयंपाकघरात कुणी बोलतंय असं वाटत राहिलं. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. मी मनात प्रार्थना करत होते की नुसती ऐकत होते, आज सांगता येणार नाही. शेपटासारखी बारीक पांढरी वेणी झाली. आजींनी ती पुढे घेतली, चाचपली आणि भिंतीवरच्या आपल्या देवाच्या तसबिरीला हात जोडले. बाईनं कात्री ठेवून दिली. त्या संध्याकाळी आजी दहीभात पोटभर जेवल्या.

नंतर मी दर रविवारी जाऊ लागले. भीती गेली असं म्हणणार नाही. फाटकाशी मी अजून थांबतेच. आजी कधी ओळखतात, कधी नाही.

एके दिवशी मी निघताना शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी माझी ओढणी धरली. त्यांचे केस आखूड होते, वेणी होण्याजोगे नव्हतेच.

"एनक्कु?" त्यांनी विचारलं. आणि मला?

माझं तमिळ तोडकंमोडकं, बस चुकणार होती. मी कंगवा परत पिशवीतून काढला आणि त्यांच्या खाटेवर बसले.