चित्रांतली माणसं आणि पेंदोर गुरुजी

आदरणीय माणिकराव पेंदोर गुरुजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्तच्या अंकात मी लिहावं म्हणून सत्कार समितीची मंडळी घरी आली, तेव्हा मी म्हटलं, माझं शिक्षण मॅट्रिक, मी बचत गटाचं दप्तर लिहिणारी बाई, मोठ्या लोकांच्या पंगतीत मला कशाला बसवता. तेव्हा कळलं की अट गुरुजींचीच आहे. ते सत्कारच नको म्हणत होते. शेवटी म्हणाले, "वैशालीच्या आईनं लिवलं, अन् सगळं लिवलं, तरच मी येतो." वैशाली माझी थोरली मुलगी. म्हणून लिहिते, आणि सगळं लिहिते.

झरी जामणी तालुक्यातलं आमचं गाव नाल्याच्या या अंगाला, शाळा त्या अंगाला. वैशालीला पहिलीत घालायला गेले तेव्हा गुरुजींना पहिल्यांदा पाहिलं. ते खुर्चीवर नव्हते. पोरांच्या मधोमध मांडी घालून बसले होते. हातात कुण्या थोर माणसाच्या चरित्राचं चित्रांचं पुस्तक होतं आणि मजकुरावर तळहात ठेवलेला. "आता यानं काय केलं असंन?" असं विचारायचे, आणि पोरांची उत्तरं संपल्याशिवाय पान उलटायचे नाहीत. आमच्याकडे कुणाच्या घरी कोलामी, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली. पुस्तकातली मराठी त्या लेकरांना परकी होती, चित्र मात्र कुणालाच परकं नव्हतं. चित्रावरचं बोट हळूहळू अक्षरावर यायचं.

गुरुजींची एक रीत होती. आठवडाभर ज्याचं चरित्र पाहिलं, शनिवारी तो माणूस व्हायचं. उभं राहून 'मी' म्हणून बोलायचं आणि त्याच्यासारखं आपण काय केलं ते वर्गाला सांगायचं. एकदा मारोती नावाचा पोरगा ओठावर कापसाच्या मिशा चिकटवून आला.

"मी डॉक्टर आहो. जीभ दाखवा, गुरुजी."

"किती काढू, डॉक्टरसाहेब?"

"जेवढी असंन तेवढी."

गुरुजींनी सगळ्या वर्गापुढे जीभ काढून दाखवली. लेकरापुढे लहान व्हायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

वैशाली चौथीत होती. त्या आठवड्याचं पुस्तक नदी पोहून शाळेत जाणाऱ्या मुलाचं होतं, जो पुढे मोठा झाला. शनिवारी नाल्याला पूर आला. बाकीची पोरं काठावर थांबली. तिच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलं, वैशाली म्हणाली, "मले आज सांगाचं आहे." आणि दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली. दुपारी खालच्या अंगाला सापडली.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. लोक म्हणत होते, पुरापुढे कुणाचं काय चालते. गुरुजी ओसरीत खालीच बसले. म्हणाले, "वहिनी, पुस्तक माह्या हातात होतं. शनिवारची सवयबी मीच लावली." पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. सप्ताहात त्यांनी पुढे केलेला प्रसादही घेतला नाही. प्रसाद नाकारणं पाप, हे मला ठाऊक होतं.

वैशाली गेली तेव्हा पाळण्यात असलेली धाकटी ममता दुसरीत गेली तरी तिला वाचता येईना. मी विचारलं, "गुरुजी चित्रं दाखवत नाहीत काय?" ती म्हणाली, "पुस्तकाच्या पेटीले कुलूप आहे. नुसते पाढे म्हणायले लावते." दोन दिवस मन खात राहिलं. तिसऱ्या दिवशी शाळेत गेले.

"गुरुजी, पेटी उघडा."

"नाही जी वहिनी."

"काहून?"

"माह्याच्यानं पान उलटत नाही."

"मग मी उलटते. तुमी सांगा."

कुलूप गंजलं होतं. पुस्तकांच्या शिवणी सुटलेल्या. नदीचं पुस्तक वरच होतं. मी पोरांत बसून पानं उलटू लागले, गुरुजी सांगू लागले. मुलगा पाण्यात उतरतो त्या चित्रापाशी त्यांचा आवाज थांबला. मग ममतेनंच विचारलं, "याले भेव नाही लागलं काय?"

गुरुजींनी चित्रातल्या मुलावर बोट ठेवलं. म्हणाले, "लागलं असंन, बाई. पुस्तकवाल्यानं लिवलं नाही."

तेव्हापासून प्रत्येक चित्रापाशी ते दोन गोष्टी विचारू लागले: यात काय लिहिलं नाही, आणि हे आपण करायचं का. नदीचं पुस्तक त्यांनी वगळलं नाही. दरवर्षी ते काढलं की वैशालीचं नाव घेऊन, काही न लपवता सांगत. निवृत्तीपर्यंत पावसाळ्यात सकाळी नाल्यावर उभे राहून लेकरं पलीकडे नेली, आणि पाणी चढलं की शाळा काठावरच भरवली. आता देवळाच्या सभामंडपात शनिवारी पोरं जमवतात. फाटलेल्या पानांना कणकेची खळ मी लावून देते.

मी गुरुजींना माफ केलं असं गावात म्हणतात. केलं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण आपली चूक दरवर्षी लेकरांपुढे उभा राहून सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

वैशालीचे वडील गेले. तिच्या बरोबरीची पोरं कुणी पुसदकडे, कुणी राजूरच्या खाणीवर कामाला गेली, ती कधीमधी येतात. ममतेला बहिणीचा चेहरा आठवत नाही. ती कशी बोलायची, उत्तर येत असलं की कशी जागेवरून उठायची, हे आता मला आणि गुरुजींनाच माहीत. देवाजवळ मी गुरुजींसाठी पुष्कळ वर्षं काही मागितलं नव्हतं. आता रोज मागते. त्यांना उदंड आयुष्य दे, हातपाय चालते ठेव, आठवण शाबूत ठेव. माझ्या माघारीही माझ्या लेकीला ओळखणारं एक माणूस या गावात असू दे.