अर्धं पान

जी कादंबरी वाचून मला इंग्रजी आलं असं लोक समजतात, तिचा मला आजही राग येतो. त्याहून जास्त राग ती शिकवणाऱ्या सरांचा.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी आठवीत होते. नाशिकच्या वेशीवर आमचा गुलाबाचा आणि निशिगंधाचा मळा होता. आई पंचवटीत फुलं विकायला बसायची, आणि तिथून दोन गल्ल्या सोडून सरांची इंग्रजीची शिकवणी होती. मुलांसाठी लिहिलेली एक जुनी, नावाजलेली इंग्रजी कादंबरी सर वर्षानुवर्षं शिकवत. आई वारलेल्या दोन भावंडांना समुद्रकाठच्या मामाकडे धाडतात, अशी काहीतरी गोष्ट. पुस्तक एकच, खाकी कव्हरातलं, आणि ते कायम सरांच्या मांडीवर. सर एक वाक्य वाचायचे, त्याचं मराठी सांगायचे, अवघड शब्दांचे अर्थ लिहून द्यायचे. मग आम्ही आठ जण तेच वाक्य दहादा म्हणायचो. याला ते शिकवणं म्हणत.

आठवड्यातून एकदा सर एकेकाला उभं करून पुस्तक हातात देत. माझ्यापाशी आले की म्हणत, "तू नुसतं ऐक. फुलं विकायला तेवढं पुरे." हे ते हसत म्हणायचे आणि बाकीचे सातही हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला ते पुस्तक एकदा हातात हवं होतं, दुसरं काही नको होतं.

मग मी हट्टानेच ऐकलं. घरी हार गुंफताना प्रकरणंच्या प्रकरणं म्हणत बसायचे. सुईत एक फूल गेलं की एक वाक्य.

गुरुपौर्णिमेला सर पालकांना बोलवायचे. मुलांनी एकेक पान वाचून दाखवायचं आणि शेवटी सरांना हार घालायचा. हार आमच्याकडून जात, फुकट. त्या वर्षीही वाचणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. आई हारांची टोपली घेऊन सरांच्या दारात उभी राहिली.

"आठ हार हायेत सर. माझ्या पोरीला येक पान द्या, नायतर टोपली माघारी नेते."

सरांनी अर्धं पान दिलं, तेही पानाच्या खालचं अर्धं.

पुस्तक हातात आलं आणि मी सुरू केलं. अर्धं पान केव्हाच संपलं. पण एवढ्यावर मी कशाला बसते? पुढचं सगळं डोक्यात तयार होतं. मी आणखी दहा-बारा वाक्यं खडाखडा म्हटली, आणि त्या भरात पान उलटायचंच विसरले.

सरांच्या ते बरोबर लक्षात आलं. "पाहिलंत? पान न उलटता पुढचं वाचतेय! नुसती पोपटपंची." पालक हसले. सरांनी पुस्तक माझ्या हातातून ओढलं, शेवटाकडचं, अजून न शिकवलेलं एक पान उघडलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. "हे वाच."

सुरुवातीचे दोन-तीन शब्द आले. पुढे अक्षरं दिसत होती, पण त्यांचे शब्द होत नव्हते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. पण लाजेपेक्षा राग मोठा होता. शेजारी सरांची लाडकी, वकिलांची मुलगी उभी होती, कायम नाकाने कांदे सोलणारी. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "तू वाच." तिलाही तेवढेच शब्द आले. तिने ते पुढच्याला दिलं. असं करत पुस्तक आठही जणांच्या हातांतून फिरून सरांकडे परत गेलं. ते पान कुणालाच वाचता आलं नाही.

आई दारात चपलांपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "म्हंजे सर, तुमी शिकवलं काय?"

"पालथ्या घड्यावर पाणी," सर पुटपुटले. दुसऱ्या दिवसापासून मला शिकवणी बंद. हार मात्र आठच्या आठ ठेवून घेतले.

पुढे तीच कादंबरी मी वाचनालयातून आणली आणि डिक्शनरी घेऊन रोज थोडी थोडी, अडखळत वाचली. संपायला दोन वर्षं लागली. तो मामा, तो समुद्र, कशावरच माझा जीव जडला नाही. सरांना तोंडावर पाडायचं, एवढ्यासाठीच वाचली. माझी वाचून झाली तोवर सर नाशिक सोडून मुलाकडे निघून गेले होते. ते मला अजून डाचतं.

मग मीच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. वर्गात न शिकवलेलं पान मुलांना वाचायला लावायचं, हा माझा नियम. दोन हजार पाचच्या सुमाराला एका मुलीला असंच उभं केलं. ती शब्दाशब्दाला अडत होती. तास संपत आला होता आणि मागची बाकं हसायला लागली होती. मी वैतागले.

"बस खाली. तू नुसतं ऐक."

बोलून गेले आणि मगच मला ते ऐकू आलं. तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकापाशी गेले, तेच पान उघडून दिलं आणि म्हटलं, "वाच. लागू दे कितीही वेळ."

तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "नको बाई," ती म्हणाली, "मी ऐकते."