सरावाची पेशंट

मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात मावशी आया म्हणून लागली तेव्हा तिचा नवरा हयात होता. पुढे तो गेला, मुलगी शिकून, लग्न करून लांब गेली, आणि मावशी वॉर्डातच राहिली. चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, आणि वर्षातून एकदा परदेशी पाहुणे आले की खोटंखोटं मरायला टेकायचं.

पाहुणे भले होते, त्याबद्दल वाद नाही. पदरमोड करून यायचे, फुकट शिकवायचे. सकाळी इंग्रजी, दुपारी संशोधन. त्यांचा लाडका धडा म्हणजे पेशंटला वाईट बातमी कशी द्यावी. खुर्ची जवळ ओढायची, पाण्याचा ग्लास पुढे करायचा, मान जराशी कलती ठेवून ते वाक्य बोलायचं आणि मग गप्प बसायचं. सगळं इंग्रजीत. हीच बातमी आपल्या माणसाला आपल्या भाषेत कशी सांगावी, हे त्या कॉलेजात कोणीच शिकवत नव्हतं. जसे काही इथले पेशंट इंग्रजीतच मरतात!

धड्याला पेशंट लागतो, तो मावशी व्हायची. इंग्रजीचं तिला ओ की ठो कळत नसे, पण पोरगं गप्प झालं की रडायचं, एवढं पक्कं ठाऊक. ती अशी हमसून रडे की वर्ग टाळ्या वाजवी.

"मावशी, तुम्ही सिनेमात जायला हवं होतं," पोरं म्हणायची.

"सिनेमात कोण घेतंय मला? इथंच मरते ते बरं आहे," मावशी डोळे पुसत हसायची.

यंदा तिच्या हाताला छातीत गाठ लागली. मुलीपासून तिनं ते लपवलं आणि एकट्या चष्म्याला सांगितलं. चष्मा म्हणजे तिच्यावरच सराव करून आता वॉर्डात डॉक्टर झालेला पोरगा. तिचा जीव होता त्याच्यावर. त्यानं धावपळ करून गाठीचा तुकडा तपासायला पाठवला.

"रिपोर्ट तूच सांग," ती म्हणाली. "मोठे डॉक्टर भिंतीकडे बघून बोलतात. वाईट असेल तर मुलीला फोन करायला हवा. आडवळणानं नको, सरळ सांग."

"सरळच सांगेन, मावशी."

गुरुवारी तिला नेहमीच्या वर्गात बोलावलं. समोरासमोर दोन खुर्च्या, पाण्याचा ग्लास, कोपऱ्यात कागद घेऊन बसलेली पाहुणी बाई. मावशीला वाटलं, आधी सराव असेल; डॉक्टर झाल्यावरही पोरांच्या परीक्षा संपत नाहीत. चष्म्यानं खुर्ची ओढली, मान कलती केली, इंग्रजीत बोलला आणि गप्प झाला. घामाघूम झाला होता, पण बाईसमोर पोरं होतातच तशी. बिचाऱ्याचे मार्क जायला नकोत म्हणून मावशी त्या दिवशी जीव ओतून रडली. बाईनं मान डोलावून काहीतरी लिहिलं.

मग मावशीनं डोळे पुसले आणि हसून विचारलं, "झालं ना तुमचं? आता माझा रिपोर्ट सांग."

चष्म्यानं कलती मान सरळ केली.

"मावशी, तोच सांगितला."

"तोच? कधी सांगितलास?"

"बाईंच्या संशोधनाला खरी पेशंट हवी होती. त्यांना समजावं म्हणून आधी इंग्रजीत... आता तुम्हाला आपल्या भाषेत सांगणारच होतो."

"मग सांग."

त्यानं खुर्ची आणखी पुढे घेतली. ग्लास पुढे केला. तोंड उघडलं. "मावशी, ती गाठ... म्हणजे तशी ती..." एवढं बोलून तो थांबला. शब्दच नव्हते त्याच्यापाशी. चांगला पोरगा होता, आणि त्याचाच जास्त राग येतो.

तो गप्प झाला, म्हणजे मावशीची रडायची वेळ झाली. पण आता काही केल्या रडू येईना. कोपऱ्यातली बाई मात्र अजून लिहीत होती.

मावशीनं ग्लास बाजूला सारला आणि आपला फोन त्याच्या हातात दिला.

"मुलीला लाव, आणि तूच सांग," ती म्हणाली. "तिला इंग्रजी येतं."