जावयाच्या गिटारीला पंख्याचा कंडेन्सर

तेहतीस वर्षं वीज खात्यात वायरमन म्हणून काढली की माणसाची एक समजूत होऊन बसते: ज्याला वायर आहे ते आपल्याला येतं. माझी ही समजूत गेल्या वैशाखी पौर्णिमेच्या दुपारपर्यंत शाबूत होती.

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या जरा अलीकडे. पौर्णिमेला विहारात वंदना, खीर आणि संध्याकाळी भीमगीतं असा कार्यक्रम असतो. गेल्या वेळी गाण्याच्या पार्टीत आमच्या सुजाताचे यजमान, म्हणजे नवे जावई निखिलराव, इलेक्ट्रिक गिटार वाजवणार होते. पनवेलला कंपनीत इंजिनिअर. मुलगा गुणाचा, पण बोलायला महाकंजूष. लग्नाला आठ महिने झाले तरी माझ्याशी त्यांचं बोलणं एकाच शब्दावर अडलेलं. प्रवास कसा झाला? "बरा." जेवण कसं झालं? "बरं." फोनवर मात्र, "बरं, सुजाताला देतो." (याहून लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.)

मला आतून वाईट वाटायचं. या पोराला आपण आवडत नाही, वायरमनच्या घरी येऊन पडलो असं त्याला वाटत असणार. एकदा मी हे मंदाला, म्हणजे आमच्या हिला बोलून दाखवलं. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही दुसऱ्याला बोलायला जागा ठेवता का?" आता याचा आणि त्याचा काय संबंध?

तर पौर्णिमेच्या सकाळी चहा पिताना जावई सुजाताला हळू आवाजात म्हणाले, "टोनचं बटण फिरवून काही फरक पडत नाहीये. आवाज चिरका येतोय. कंडेन्सर बदलायला लागेल, शून्य पॉइंट शून्य बावीसचा. अलिबागला गेलो की बघू."

कंडेन्सर! माझे कान ताठ झाले. गिटारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण कंडेन्सर? उभ्या तालुक्याच्या पंख्यांचे कंडेन्सर या हातांनी बदललेत. मनात म्हटलं, तात्या, हीच वेळ आहे. जावयाला संध्याकाळच्या आत गिटार दुरुस्त करून द्यायची.

दुपारी दोघं दिवेआगरला समुद्रावर गेली, ही विहारात खीर ढवळायला गेली आणि घरात राहिलो मी, गिटार आणि माझी हत्यारांची पिशवी. पहिलं काम, मीटरजवळचा मेन स्विच बंद केला. लाईन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा नियम. (गिटार खाटेवर पडलेली होती आणि तिची वायर कशालाच जोडलेली नव्हती, पण नियम म्हणजे नियम.) मग सहाही तारांना टेस्टर लावून पाहिला. मग सोल्डरिंगचं लोखंड लावून तापायची वाट बघत बसलो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मेन स्विच मीच बंद केलाय.

तो चालू करून गिटारीचं मागचं झाकण उघडलं. आत चिंचोक्याएवढा एक तपकिरी ठिपका. हा कंडेन्सर? मला त्या चिंचोक्याची कीव आली. शून्य पॉइंट शून्य बावीस म्हणे! आमच्या साध्या पंख्याला अडीचचा लागतो. जावयाच्या पानात कुणी चिमूटभर भात वाढतं का? उद्या लोक म्हणतील, सासरा जन्मभर विजेत राहिला आणि जावयाला शून्य पॉइंट शून्य बावीस घातलं. आपल्यात जावयाच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत.

बाजार पौर्णिमेला बंद. म्हणून मी स्टुलावर चढलो आणि हॉलच्या पंख्याचा अडीचचा कंडेन्सर काढला. तो आगपेटीहून मोठा, गिटारीच्या खोबणीत जाईना. वायरमनला असल्या अडचणी येतातच. वीतभर वायर जोडून मी तो गिटारीच्या पाठीवर बाहेरून बसवला आणि वरून काळी टेप गुंडाळली. गिटारीच्या पाठीला आवाळू आल्यासारखं दिसत होतं, पण काम पक्कं होतं. जुना चिंचोका शर्टाच्या खिशात टाकला.

इतक्यात दारात विहीणबाई. जावयांच्या आई, कार्यक्रमासाठी अलिबागहून एसटीने आलेल्या, घामाने निथळत. "जयभीम भाऊ. आधी पंखा लावा, जीव चाललाय."

मी बटण दाबलं. पंखा नुसता घुमायला लागला, फिरायचं नाव नाही. विहीणबाई वर बघायला लागल्या. मी जाळ्या काढायची काठी आणली आणि पात्याला ढकललं. फिरला, पण घाईत मी ढकलला उलट्या बाजूला. सगळा वारा छताकडे आणि पात्यांवरची वर्षाची धूळ विहीणबाईंच्या अंबाड्यात.

"भाऊ, वारा लागत नाही हो."

"आमच्याकडचा वारा जरा उशिरा लागतो," मी म्हणालो.

जावई आले तेव्हा विहीणबाई अंगणात पदराने वारा घेत होत्या. मी गिटार जावयांच्या हातात ठेवली. "टोनचं काम केलंय. कंडेन्सर जरा मोठा घातलाय, खास तुमच्यासाठी." त्यांनी गिटार उलटी करून ते आवाळू पाहिलं, मग मला पाहिलं. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी विहारासमोर अख्खी वाडी बसलेली. पहिली दोन गाणी अशी झडली की विचारू नका. मी शेजारच्या चारपाच जणांना कंडेन्सर कोणी घातला ते सांगून टाकलं. तिसरं गाणं संथ होतं. त्यासाठी आवाज मऊ करायला जावयांनी टोनचं बटण खाली फिरवलं आणि गिटारीवर कुणी दोन गोधड्या टाकल्यासारखा आवाज आतल्या आत गुडूप झाला. बोटं चाललीत, ऐकू काही येत नाही. गाणारा थांबला. ढोलकीवाला थांबला.

आणि सगळी वाडी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. तेहतीस वर्षांची सवय! गावात काहीही बंद पडलं की लोक माझ्याकडे बघतात.

"तात्या, लाईट गेली काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"लाईट हाय की, बलब पेटलेत," दुसरा म्हणाला.

मी धावत स्टेजवर चढलो. जावई बटणाशी खटपट करत होते. "बाबा, कितीचा घातलात हा?"

"अडीचचा."

"अडीच मायक्रो? शंभरपट?"

"शंभराच्या वरच भरेल," मी जरा अभिमानानेच म्हणालो.

"पण आणलात कुठून?"

"हॉलच्या पंख्याचा काढला."

माइक माझ्या हनुवटीखाली होता आणि तो चालू होता. माझं वाक्य चारही कर्ण्यांतून वाडीभर फिरून आलं. मग पहिल्या रांगेतून विहीणबाई: "तरीच म्हटलं वारा कुठे जातोय!"

वाडी हसली. विहारातले भन्ते हसले. मला वाटलं, आता संपलं, आठ महिने नुसती शंका होती ती आता पक्की झाली, हा पोरगा परत आपल्या दारात यायचा नाही. घाबरत घाबरत जावयांकडे पाहिलं, तर ते गिटारीवर ओणवे होऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग बटण पूर्ण वर फिरवलं, आवाज परत आला, चिरका तर चिरका, आणि उरलेली सगळी गाणी त्यांनी तशीच वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या खिशातला चिंचोका मागून घेतला, उन्हात धरून पाहिला. "बाबा, हा चांगला आहे. नुसता एक पाय सुटला होता. सोल्डरचा टाका मारला असता तरी चाललं असतं." दोन मिनिटांचं काम, त्यांनीच केलं. टॉर्च मी धरली. आणि टाका मारता मारता माणूस बोलत सुटला. लहानपणी त्यांनी वडिलांचा रेडिओ उघडून चार स्क्रू उरवले होते ते सांगितलं. मग म्हणाले, "खरं सांगू? मला तुमची भीती वाटायची. तुम्ही इतकं बोलता, मध्ये बोललो तर राग येईल असं वाटायचं."

मी हिच्याकडे बघायचं टाळलं. ही माझ्याकडेच बघत होती.

मग पंख्याचा कंडेन्सर परत बसवायला मी स्टुलावर चढलो. जावई म्हणाले, "मी बघू का?" मी म्हणालो, "गिटार तुमची, पंखा माझा. तेहतीस वर्षांत एक पंखा चुकलेला नाही." बसवला. आता काठीची गरज नाही, बटण दाबलं की स्वतःहून फिरतो. उलटा फिरतो.

दोन वायरींची अदलाबदल झाली असणार, हे मलाही कळतं. पण स्टुलावर चढून ते कबूल कोण करणार? शिवाय हल्ली जावयांचा फोन रोज येतो, सुजाताला न देता पाऊण पाऊण तास बोलतात आणि सुरुवात ठरलेली असते: "काय बाबा, आज वारा कुठल्या दिशेला?"

मी सांगतो, "छताला बरं वाटतंय."