सिस्टरची दहा मिनिटं

डायलिसिस सेंटरात सिस्टरला सगळे 'दहामिनिटं' म्हणायचे. चार तास मशीनवर रक्त धुऊन झालं, की हातातली सुई काढायची आणि त्या जागी बोट दाबून दहा मिनिटं बसायचं, हा तिचा अठरा वर्षांचा नेम. रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं. घाई केली तर रक्त नळासारखं वाहतं. त्या दहा-दहा मिनिटांत तिने दोन लग्नं जुळवली होती आणि एक मोडलंही होतं.

मग सेंटर एका कंपनीने घेतलं आणि मॅनेजर आले. त्यांना प्रत्येक खुर्चीवर दिवसाला आणखी एक पेशंट हवा होता. मशीन धुण्याचा वेळ त्यांनी आधीच कातरला होता. आता नजर बोटावर गेली.

"तीन मिनिटं दाबा, पट्टी लावा. बाकीचं पेशंट बाहेर बाकावर बसून दाबेल."

"अहो सर, निम्म्यांचे हात थरथरतात!"

"सिस्टर, खुर्ची अडवून गप्पा मारायला हा काय कट्टा आहे?"

मंगळवारी शिंपीकाकांची सुई काढली, तेव्हा पुढचा पेशंट दारात आणि मॅनेजर त्याच्या मागे. सिस्टर तीन मिनिटांत उठली. एकदाच. काका जिन्यापर्यंत पोचले आणि बाही लाल झाली. वॉचमनने रुमाल दाबून बोंब ठोकली, म्हणून निभावलं. सिस्टर धावत आली आणि पायरीवरच दाबत बसली.

"शर्ट मीच शिवला होता गं," काका पुटपुटले. "डाग जाईल ना?"

तिला धड रडूही येईना.

मॅनेजरांनी रजिस्टर पुढे केलं. "लिहा, पेशंटने नीट दाबलं नाही."

"मी दाबलं नाही, असं लिहिते. कुणाच्या सांगण्यावरून, तेही लिहिते."

"नोकरीचा विचार करा."

तिने लिहिलं. गुरुवारी तिची रवानगी फायलींच्या खोलीत झाली. भिंतीवर पाटी लागली: 'रुग्णांनी स्वतःची काळजी घ्यावी.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांची सुई निघायच्या वेळी ती फायली टाकून आली, स्टूल ओढलं आणि बोट ठेवलं.

"तुमची ड्यूटी तिकडे आहे!" मॅनेजर ओरडले. "कामावरून काढीन!"

"काढा की. पण दहा मिनिटांनी. आत्ता हात मोकळा नाही."

मॅनेजर पत्र टाइप करायला गेले. पुढचा पेशंट दाराला टेकून उभा होता.

"सावकाश होऊ दे, सिस्टर," तो म्हणाला. "चार तासांनी मलाही ते बोट लागणारच आहे."