जिन्याचा प्रकल्प

नोकरदारांसाठीचा अपंगत्व अभ्यासाचा आमचा पदव्युत्तर वर्ग नाशिकला दर रविवारी दुसऱ्या मजल्यावर भरायचा. सातपूरच्या कारखान्यातले एक काका कुबड्या घेऊन सगळ्यांच्या आधी वर पोचायचे. संकोचामुळे मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. एकदा ते टेपने जिन्याची पायरीन् पायरी मोजताना दिसले.

प्रकल्प सादर करायच्या दिवशी ते म्हणाले, "सर, माझा प्रकल्प हा जिनाच आहे. खाली चला, दाखवतो."

मापं बघून सर ओशाळले. "पुढच्या वेळी तुमच्यासाठी वर्ग खाली घेऊ."

"मी चढतो हो. व्हीलचेअरवाल्या मॅडम फी भरूनही इथूनच परत गेल्या. त्यांना बोलवा."

पुढच्या रविवारी मॅडम आल्या, तेव्हा या वर्गात असल्याचा मला अभिमान वाटला. तळमजल्यावर काकांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची आधीच हलवून व्हीलचेअरपुरती जागा मोकळी ठेवली होती.